गणितातून प्रकाशनात: ही वाट कोणी धरली आहे का?

रिक्तसंच

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

पीएचडी होऊन सहा वर्षं झाली. विषय कम्युटेटिव्ह अल्जिब्रा. त्यानंतर दोन पोस्टडॉक, दुसऱ्याची मुदत आठ महिन्यांत संपतेय. कायमच्या नोकरीसाठी अर्ज किती केले ते मोजणं सोडून दिलंय. दोनदा शेवटच्या यादीत नाव आलं आणि दोन्ही वेळा तिथेच राहिलं.

पण रडगाणं गायला धागा काढलेला नाही. नवीन प्रमेय सिद्ध करण्यापेक्षा दुसऱ्याचा पेपर नीट लावून द्यायला मला जास्त आवडतं, हे मी इतक्यात कुठे स्वतःशी कबूल केलंय. आमच्या गटातले सगळे मसुदे माझ्याकडे यायचे. "ही लेमा दोन पानं आधी घे", "तिसऱ्या पानावरचा एन आणि सातव्या पानावरचा एन वेगळे आहेत", "तू 'उघड आहे' म्हणतोयस ते मला तरी उघड दिसत नाही". हे करताना वेळ कसा जायचा कळायचं नाही. स्वतःचा पेपर लिहिताना मात्र घड्याळ बघायचे.

आता दोन जाहिराती समोर आहेत. एक गणिताची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनसंस्थेत कमिशनिंग एडिटरची. दुसरी एका जर्नलच्या निर्मिती विभागातली. दुसरीकडून बारा पानांची फाइल आली आहे आणि सोबत एकच ओळ: संपादित करून पाठवा.

एका ज्येष्ठांना विचारलं तर "वाया चाललीस" म्हणाले आणि विषय संपवला. म्हणून इथे विचारतेय. ही माणसं दिवसभर करतात काय? त्यात गणित किती उरतं? आणि परत फिरायचं म्हटलं तर दार उघडं असतं का?

उपप्रमेय

पहिल्या जाहिरातीबद्दल मी बोलू शकतो. अकरा वर्षं त्याच खुर्चीत आहे, त्याआधी नंबर थिअरीत होतो.

कमिशनिंग एडिटर पुस्तक संपादित करत बसत नाही. त्याने पुस्तक मिळवायचं असतं. परिषदेत मी मागच्या रांगेत बसतो. व्याख्यान किती कळतं यापेक्षा माझं लक्ष कोणाच्या नोट्स पोरं एकमेकांना पाठवताहेत याकडे असतं. एखाद्याच्या टाचणांवर दुसऱ्याच विद्यापीठातला कोणी शिकवतोय असं कानावर आलं की मी त्याच्या दारात हजर. हा काही माझा शोध नव्हे. १९६४ मध्ये डोल्ड आणि एकमान या गणितज्ञांनी श्प्रिंगर या जर्मन प्रकाशनसंस्थेची 'लेक्चर नोट्स इन मॅथेमॅटिक्स' ही मालिका सुरू केली ती याच विचारातून: टंकलिखित टाचणं हातोहात फिरतातच आहेत, तर ती लवकर आणि साध्या रूपात छापून टाकू.

त्याच साली क्लाउस पेटर्स नावाचा गणितात डॉक्टरेट केलेला तरुण श्प्रिंगरमध्ये गणिताचा संपादक म्हणून दाखल झाला. पुढे तो आणखी एक-दोन प्रकाशनांत गेला आणि १९९२ मध्ये पत्नी अ‍ॅलिससोबत स्वतःचं प्रकाशन काढलं. तुमच्या त्या ज्येष्ठांच्या कपाटात यातलं काही ना काही नक्की असेल. 'वाया' गेलेल्या माणसांनीच ते तिथवर पोचवलंय.

बाकी दिवस कसा जातो? पत्रव्यवहारात. प्रस्ताव आला की तीन-चार जाणकारांना पाठवायचा, त्यातले दोन नाही म्हणतात, एक हो म्हणून गायब होतो. मग करार. मग वाट बघणं. दोन वर्षांत देतो म्हणालेला लेखक पाचव्या वर्षी "शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय" असं कळवतो, आणि ते शेवटचं प्रकरण म्हणजे निम्मं पुस्तक असतं. त्याच्यावर चिडायचं नाही आणि त्याला विसरूही द्यायचं नाही. हे ज्याला जमतं त्याने या खुर्चीत यावं. तुमच्या लिहिण्यावरून मला तरी तुम्ही दुसऱ्या जाहिरातीच्या वाटता.

वाचनमात्र

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. गणितात पीएचडी असलेल्या माणसाला विमा आहे, डेटा आहे, क्रिप्टोग्राफी आहे. प्रकाशनात जाणं म्हणजे गरिबी सोडून दुसऱ्या गरिबीत जाणं. आणि कोणासाठी? गणितज्ञ फुकट लिहिणार, गणितज्ञच फुकट तपासणार, आणि तेच गणितज्ञांच्या ग्रंथालयाला महाग विकणार. २०१२ मध्ये गॉवर्स या गणितज्ञाच्या ब्लॉगनंतर हजारो लोकांनी एल्सेव्हियर या प्रकाशनकंपनीवर बहिष्काराच्या सह्या केल्या, त्या उगाच नव्हे.

जुळारी

वाचनमात्र, तुमच्या मुद्द्यावर उपप्रमेय बोलतीलच. मी आधी बारा पानांकडे वळते, कारण तिथे घाई आहे.

रिक्तसंच, मी चौदा वर्षं गणिताच्या पेपरांचं कॉपी एडिटिंग करतेय, पहिली पाच नोकरीत आणि पुढे घरून. अशा चाचण्या मी दिल्यात आणि घेतल्याही आहेत. फाइल हातात आली की गणितज्ञ पहिल्यांदा सिद्धता तपासायला बसतो. ते करू नका, निदान आधी करू नका. चाचणी घेणारा बघत असतो की तुम्हाला *पान* दिसतं का.

उदाहरण देते. बर्च–स्विनर्टन-डायर कंजेक्चर. यात दोन आडव्या रेघा आहेत आणि त्या सारख्या नाहीत. बर्च हा एक माणूस, स्विनर्टन-डायर हा दुसरा. म्हणून पहिली रेघ लांब आणि दुसरी आखूड. कोशी–रीमान दोन माणसं, लांब रेघ. मित्ताग-लेफ्लर एकच माणूस, आखूड. लेवी-चिविता एकच. चाचणीच्या फाइलमध्ये यातलं एखादं मुद्दाम चुकवून ठेवलेलं असतं, हे जवळपास लिहून देते.

मग विरामचिन्हं. स्वतंत्र ओळीत टाकलेलं समीकरण वाक्याचाच भाग असतं, त्याच्यानंतर स्वल्पविराम किंवा पूर्णविराम हवा. वाक्याची सुरुवात चिन्हाने नको. दोन सूत्रं नुसत्या स्वल्पविरामाने शेजारी आली तर मध्ये एखादा शब्द घाला, नाहीतर वाचणारा ती एकच समजतो. चलं तिरपी, पण साइन, लॉग, मॅक्स सरळ. लेटेकमध्ये (गणित छापायला वापरतात ती संगणकप्रणाली) साइनच्या आधीची तिरकी रेघ राहिली की एस, आय आणि एन या तीन चलांचा गुणाकार छापला जातो. मी मराठीतून सांगतेय म्हणून हसू येतंय, पण प्रत्यक्षात हे रोज येतं.

संचाचा सदस्य दाखवायचं चिन्ह आणि एप्सिलॉन वेगळे. फलनाच्या नावानंतरच्या कोलनला एक आज्ञा, गुणोत्तराच्या कोलनला दुसरी, कारण दोघांच्या आजूबाजूची जागा वेगळी. हे वाचून "यात काय एवढं" वाटलं तर ही नोकरी घेऊ नका. "अरे, खरंच की" वाटलं तर पुढे वाचा.

(अवांतर: हे वेड आजचं नाही. १९७७ मध्ये क्नुथ या संगणकशास्त्रज्ञाने स्वतःच्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं पाहिली. खिळ्यांची जुळणी जाऊन फोटोवर आधारित अक्षरजुळणी आली होती आणि पान इतकं कुरूप दिसत होतं की त्याने आपलं संशोधन बाजूला ठेवून टेक, म्हणजे लेटेकचं मूळ, लिहायला घेतलं. वर्षभरात होईल असा अंदाज होता, पक्कं व्हायला दहाएक वर्षं गेली. आता टेकच्या आवृत्त्यांचे क्रमांक पायच्या दिशेने सरकतात, प्रत्येक दुरुस्तीला एक अंक वाढतो. वाया गेलेल्या गणितज्ञांच्या यादीत त्यालाही घाला.)

शेवटचं. फाइलमध्ये केलेल्या प्रत्येक बदलाचं कारण तुम्हाला एका ओळीत सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर तो बदल तुमच्या आवडीचा आहे, तो मागे घ्या. लेखकाचं लिहिणं लेखकाचंच राहू द्यायचं.

रिक्तसंच

जुळारी, "अरे, खरंच की" वाटलं. तीनदा.

पण एक अडलंय. फाइलच्या आठव्या पानावरच्या सिद्धतेत मला खड्डा दिसतोय. म्हणजे निष्कर्ष बहुधा बरोबर आहे, पण मधली पायरी पटत नाही. ते लिहायचं की नाही? माझं काम गणित तपासायचं नाही असं तुम्ही म्हणताय.

उपप्रमेय

लिहायचं. पण प्रश्न म्हणून.

हे मला ज्या गोष्टीतून समजलं ती सांगतो, जरा लांब आहे. स्वीडनच्या राजाच्या नावाने एक गणितस्पर्धा झाली होती, आणि १८८९ मध्ये तिचं बक्षीस प्वाँकारेला मिळालं. विषय तीन वस्तूंच्या गतीचा. परीक्षक कोण, तर वायरश्ट्रास, हर्मिट आणि मित्ताग-लेफ्लर. म्हणजे त्या काळी याहून वरचं कोणी शोधूनही सापडलं नसतं. निबंध मित्ताग-लेफ्लरच्या 'आक्टा मॅथेमॅटिका'त छापायचा होता आणि छपाईच्या तयारीचं काम फ्रागमेन नावाच्या विशीतल्या पोराकडे होतं. त्याला काही जागा कळल्या नाहीत. त्याने एवढंच केलं: कळल्या नाहीत असं कळवलं. मित्ताग-लेफ्लरने ते प्रश्न प्वाँकारेकडे धाडले. उत्तरं देता देता प्वाँकारेला स्वतःलाच दुसऱ्या एका जागी घोडचूक सापडली.

तोवर अंक छापून काही प्रती वाटल्याही गेल्या होत्या. त्या गुपचूप परत मागवल्या. पुन्हा छपाईचा खर्च प्वाँकारेने भरला, आणि तो बक्षिसाच्या २५०० क्रोनरपेक्षा हजारभराने जास्त होता. दुरुस्त निबंध १८९० मध्ये आला, आणि आज ज्याला आपण केऑस म्हणतो त्याचं मूळ त्या दुरुस्तीत आहे, पहिल्या बक्षीसपात्र निबंधात नाही.

फ्रागमेनने चूक पकडली असं लोक सांगतात. माझ्या मते त्याचं काम त्याहून बारीक होतं. परीक्षक मोठे होते, त्यामुळे "असेल बरोबर" म्हणून पुढे गेले असणार. याने अडखळायचं धाडस केलं. तुमच्या आठव्या पानाच्या समासात लिहा: "ही पायरी आधीच्या कोणत्या विधानावरून येते?" बस. चूक आहे असं म्हणू नका, स्वतः दुरुस्त तर अजिबात करू नका.

आता वाचनमात्र. तुमची तक्रार मी मान्य करतो, निम्मी. २००६ मध्ये 'टोपॉलॉजी' या जर्नलच्या संपूर्ण संपादक मंडळाने किमतीच्या वादातून राजीनामा दिला आणि लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीबरोबर २००८ पासून 'जर्नल ऑफ टोपॉलॉजी' सुरू केलं. गॉवर्सनेही नुसत्या सह्यांवर न थांबता २०१६ मध्ये 'डिस्क्रीट अ‍ॅनालिसिस' काढलं. पेपर आर्काइव्हवर, म्हणजे सगळ्यांना फुकट वाचता येणाऱ्या ऑनलाइन साठ्यावर असतो, जर्नल फक्त परीक्षण करून दुवा देतं. पण या नव्या घरांतही कोणीतरी रेफरींना (पेपर तपासणाऱ्या जाणकारांना) आठवण करायला, फायली लावायला, लेखकांना उत्तरं द्यायला लागतंच. तेव्हा मुलाखतीत रिक्तसंच यांनी जरूर विचारावं: जर्नलचं नाव कोणाच्या मालकीचं आहे, सोसायटीच्या की कंपनीच्या? उत्तर देताना समोरचा चुळबुळला तर त्यातूनही बरंच कळतं.

वाचनमात्र

मालकीचा प्रश्न आवडला. पैशाबद्दलचं मत कायम.

तळटीप

दोन्ही जाहिरातींच्या बाहेरची एक जागा कोणी सांगितली नाही, म्हणून लिहितो. समीक्षा-सूची. मॅथेमॅटिकल रिव्ह्यूज आणि त्सेंट्रालब्लाट, म्हणजे आताचं झेडबीमॅथ ओपन. जगात गणितात जे छापलं जातं त्याची नोंद करायची, वर्गीकरण करायचं, योग्य माणसाकडे परिचय लिहायला पाठवायचं. मॅथेमॅटिकल रिव्ह्यूजच्या अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बरच्या कचेरीत हे काम करणारे संपादक स्वतः गणितज्ञ असतात. वर्गीकरणाच्या २०२० च्या आवृत्तीत ६३ मुख्य शाखा आहेत. संशोधनात असताना आपण त्यातल्या दीड शाखेत जन्म काढतो. तिथे बसलेला माणूस रोज पाच-सहा शाखांमध्ये डोकावतो. खोल कुठेच नाही, हे मान्य. पण "गणित किती उरतं" याचं उत्तर तिथे "पूर्वीपेक्षा जास्त, फक्त आडवं" असं आहे.

जुळारींनी लेवी-चिविताचं नाव घेतलं म्हणून आठवलं. त्सेंट्रालब्लाट १९३१ मध्ये सुरू झालं, संपादक ऑटो नॉयगेबाउअर. १९३८ मध्ये मंडळातून लेवी-चिविताचं नाव काढून टाकलं गेलं, कारण तो ज्यू. नॉयगेबाउअरने राजीनामा दिला, पुढे अमेरिकेत गेला, आणि १९४० मध्ये मॅथेमॅटिकल रिव्ह्यूज उभं राहिलं ते त्याच्या हाताखाली. एका सूचीच्या दोन सूच्या झाल्या त्या अशा. हे काम कारकुनी आहे असं कोणी म्हणालं की मी एवढंच सांगतो.

रिक्तसंच, नोकरी मिळो न मिळो, झेडबीमॅथकडे परीक्षक म्हणून नाव नोंदवा. दुसऱ्याचा तीस पानांचा पेपर पंधरा ओळींत, स्वतःचा शहाणपणा न पाजळता सांगायची सवय लागते, आणि अर्जासोबत जोडायला छापील नमुनाही होतो.

शेष

आतापर्यंत सगळ्यांनी कौतुक केलंय. मी दुसरी बाजू सांगते.

मी चार वर्षांपूर्वी एका जर्नलच्या कचेरीत आले. काम आवडतं. पण पहिल्या वर्षी एक गोष्ट फार लागली, आणि ती कोणी आधी सांगितली नव्हती. संशोधनात असताना डोक्यात कायम *आपला* एक प्रश्न असायचा. आंघोळ करताना, बसमध्ये, झोप न येताना. तो गेला. संध्याकाळी फाइल बंद केली की डोकं रिकामं. लोक याला सुटका म्हणतात. मला कित्येक महिने ते घरातलं कोणीतरी गेल्यासारखं वाटत होतं.

दुसरं, ओळखीच्यांचे पेपर. तुमच्याच मार्गदर्शकाचा पेपर टेबलावर येतो. नियमाप्रमाणे तो दुसऱ्याकडे द्यायचा आणि गप्प बसायचं. नाकारला गेल्यावर भेटला तर तोंडावरची रेघ हलू द्यायची नाही. कोणता निकाल कोणी सिद्ध केल्याचा दावा केलाय हे जगाआधी कळतं आणि ते कोणालाही सांगायचं नसतं. पोटात ठेवता येत नसेल तर कठीण आहे.

आणि हो, वर्तुळाचा चौरस करणारे, म्हणजे अशक्य ते सिद्ध केल्याचा दावा पाठवणारे हौशी. दर आठवड्याला एक तरी. १९०८ मध्ये फर्माच्या शेवटच्या प्रमेयासाठी एक लाख मार्कांचं वोल्फस्केल बक्षीस जाहीर झाल्यावर ग्योटिंगेनमध्ये चुकीच्या सिद्धतांचा पूर लोटला, तेव्हा तिथल्या लांडाउ या गणितज्ञाने म्हणे छापील पत्रंच करून घेतली होती: पहिली चूक पान अमुक, ओळ तमुक, आणि रिकाम्या जागा विद्यार्थ्यांनी भरायच्या. मी अजून प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर लिहिते. दोन-तीन वर्षांत छापील पत्रावर येईन बहुतेक.

परतीच्या दाराबद्दल: मी तरी कोणाला परत गेलेलं पाहिलेलं नाही. पेपर येत राहिले नाहीत तर दार हळूहळू लागतं. ते उघडं आहे असं समजून इकडे येऊ नका.

रिक्तसंच

शेष, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद दोन दिवस डोक्यात होता. माझ्या डोक्यातला 'आपला प्रश्न' नक्की कधी गेला ते आठवायचा प्रयत्न केला. बहुधा दुसऱ्या पोस्टडॉकच्या मध्यावर कधीतरी. मी तो गेलाय हे लक्षातच आणून दिलं नव्हतं स्वतःच्या.

तळटीप, नाव नोंदवलंय.

फाइल पाठवली. सोबत बदलांची यादी, प्रत्येकाला एक ओळ कारण. सतरा बदल कारण न सापडल्यामुळे मागे घेतले, ते घेताना जीव गेला. आठव्या पानावर प्रश्न लिहिला, दुरुस्ती लिहिली नाही. (लिहिली होती. दीड पानाची. पाठवायच्या आधी काढली.)

कमिशनिंगचा अर्ज केलाच नाही. पाच वर्षं वाट बघून न चिडणं मला जमणार नाही, उपप्रमेय यांनी बरोबर ओळखलं.

जुळारी

ती दीड पानं जपून ठेवा, फक्त फाइलच्या बाहेर. निकाल आला की कळवा.

रिक्तसंच

तीन आठवड्यांनी धागा वर आणतेय, माफी.

बोलावणं आलं, मुलाखत झाली, सहा महिन्यांच्या कराराने घेताहेत. पोस्टडॉक संपायच्या आतच रुजू व्हायचंय. मालकीचा प्रश्न विचारला. समोरचे चुळबुळले नाहीत, जर्नल सोसायटीचंच आहे.

आठव्या पानावरचा खड्डा त्यांनी घातलेला नव्हता. तो पेपर दोन वर्षांपूर्वी छापूनही झालाय. माझा प्रश्न त्यांनी लेखकाला पाठवलाय, उत्तर अजून आलेलं नाही.

चाचणीची तपासलेली प्रत परत मिळाली. बर्च–स्विनर्टन-डायर बरोबर. लेवी-चिविता बरोबर, तुमच्या कृपेने. चूक एकच, संदर्भसूचीत. लेनर्ड-जोन्स पोटेन्शियल. मी मोठ्या आत्मविश्वासाने लांब रेघ घातली.

जुळारी

दोन माणसं केलीत की हो त्याची! लेनर्ड हे बायकोचं आडनाव, याचं नुसतं जोन्स. लग्न झाल्यावर त्याने तिचं आडनाव आपल्या आधी जोडून घेतलं. रेघ आखूड.